सुरी लागलेलं फुप्फुस

उतारावरचं गवत अजून अर्धंअधिक उभं होतं, तेवढ्यात तुरदाकुनला खेळाचं बोलावणं आलं.

बोलावणं घेऊन आला तो त्याचा सख्खा थोरला भाऊ. इसाबेक घोड्यावरून उतरलासुद्धा नाही. बांधापाशी घोडा उभा करून चाबकाच्या दांड्यानं त्यानं नमद्याची पांढरी टोपी मागं सारली आणि म्हणाला, "ठेव तो विळा. सादिरबायचा एक गडी आडवा झालाय. त्याच्या काळ्या घोड्यावर आज तू बसायचंस."

तुरदाकुननं लांब दांड्याच्या विळ्याचं पातं मूठभर गवतानं पुसलं. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. "दादा, आभाळ धरतंय. एवढा उतार पाडून घेऊ दे. भिजलं तर काळं पडेल."

"गवत कुठं पळून जातंय? बाय बोलावतोय, आणि हा गवत दाखवतोय." आमच्याकडं बाय म्हणजे गावातला पैसेवाला पुरुष.

मागं तुरदाकुनची बायको उरुमकान दाताळ्यानं गवत पालटत होती. सासरच्या थोरल्यांचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही, ही आमच्या खोऱ्यातली रीत. लग्न होऊन आल्यापासून इसाबेकचं नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं. ती त्याला 'थोरले' म्हणायची. नाव घ्यायचं नाही म्हणजे बोलायचं नाही असं मात्र तिच्या आईनं तिला शिकवलं नव्हतं. मान वर न करता ती गवताला म्हणाली, "थोरल्यांना विचारा, हिवाळ्यात गाईंपुढं बायचा निरोप टाकू का."

इसाबेक हसला. "बायकोला विचारून घोड्यावर बसणारा गडी आमच्या कुळात अजून जन्माला यायचाय. की आला, रे?"

झालं. तुरदाकुननं विळा कुंपणाला टेकवला. देवानं या माणसाला बैलाचं बळ दिलं होतं, पण त्या बळाला नाकात वेसण घातली होती आणि तिची दोरी थोरल्या भावाच्या हातात दिली होती. जाता जाता तो बायकोला म्हणाला, "संध्याकाळच्या आत येतो. पातं दगडावर घासून ठेव."

तो आला दुपारीच. दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलेला, खोगिरावर वाकलेला. मागून सादिरबायची जीप धूळ उडवत आली, तिच्यामागं इसाबेक, आणि त्याच्या तोंडात खेळ नुसता मावत नव्हता. मुंडकं काढलेला बोकड मैदानाच्या मधोमध पडला होता, तो तुरदाकुननं जमिनीवरून कसा उचलला, मांडीखाली कसा दाबला, पलीकडच्या गावच्या ताडमाड घोडेस्वारानं आडवी धडक कशी दिली, त्याच्या लाकडी खोगिराचं टोक बरगडीत कसं बसलं, आणि तरी गड्यानं बोकड मैदानाच्या टोकाला बांधलेल्या मातीच्या कढईत नेऊन कसा फेकला.

"फेकला की नाही?" इसाबेक घोडा बांधत सांगत होता. "आई, तुझ्या दुधाचं चीज झालं."

सासू कालिचा ओसरीवर लोकर कातत बसली होती. तिनं चाती थांबवली आणि मुलाच्या तोंडाकडं पाहिलं. "माझं दूध राहू दे. त्याला आत घे. राखेसारखा दिसतोय."

तुरदाकुनला रजयांवर टेकवलं. आडवं पडवेना. तो एका कुशीवर कलून, हात डाव्या बरगडीवर दाबून, थोडा थोडा श्वास घेत होता. गरम चहाचा घोट घ्यावा तसा, जपून जपून.

"टोचतंय," तो म्हणाला.

"टोचणारच की," सादिरबाय जोडे काढून सगळ्यांत वरच्या गादीवर बसत म्हणाला. मोठं पोट, लहान डोळे, आणि उभ्या जन्मात स्वतः कधी बोकडाला हात न लावलेला. "बायकोच्या कुशीत नव्हतास, खेळात होतास."

सगळे हसले. तुरदाकुनही हसायला गेला, आणि अर्ध्यावरच थांबला.

उरुमकाननं त्याचा सदरा वर केला. डाव्या अंगावर वांग्याएवढा जांभळा डाग उठला होता. तिनं बोट ठेवलं, तर बरगडीचं टोक बोटाखाली सरकलं. त्याच्या आजूबाजूच्या कातडीखाली काहीतरी चुरचुरलं. सकाळच्या गोठलेल्या बर्फावर हलकेच पाय पडावा तसं. असं अंग तिनं याआधी कधी चाचपलं नव्हतं.

"तालुक्याला नेऊ या," ती म्हणाली. "दवाखान्यात."

"हात मोडलाय? पाय मोडलाय?" इसाबेकनं विचारलं. "बोकडाच्या खेळातून दवाखान्यात गेलेला गडी म्हणजे पलीकडच्या गावाला हिवाळाभर हसायला झालं."

"आणि मोठा खेळ तोंडावर आलाय," सादिरबाय म्हणाला. "डॉक्टरीण एकदा म्हणाली घोडा बंद, की बंद. मग माझ्या काळ्यावर कोण बसणार, तू?"

पुन्हा हसू. मग इसाबेकनं कमरेची सुरी चाचपली आणि आमचे बापजादे करत आले तेच सांगितलं: मेंढा पाडायचा, त्याचं ऊन ऊन कातडं आतल्या बाजूनं अंगाला लावून गुंडाळायचं, वरून आवळायचं. मेंढ्याची ऊब मुका मार ओढून घेते. पडलेल्या मुलांना, घोड्यानं टाकलेल्या म्हाताऱ्यांना असं गुंडाळतात, आणि कितीक बरे झालेले उरुमकाननंही पाहिले होते. म्हणून ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा तिला पुढं फार राग आला.

मेंढा अंगणात आणला. सगळ्यांनी दुआ करून हात चेहऱ्यावरून फिरवले, इसाबेकनं बिस्मिल्ला म्हणून सुरी चालवली. सुरी चालवताना तो बोलत होता, पोट फाडतानाही बोलत होता, खेळात आपण असतो तर तो ताडमाड कसा पाडला असता ते सांगत होता. कातडं निघालं ते वाफाळत आत नेलं, तुरदाकुनच्या उघड्या अंगाभोवती लपेटलं. आवळायला दोरी कमी पडेल म्हणून सादिरबायनं काळ्याच्या खोगिराचा रुंद तंग काढून दिला. इसाबेकनं गुडघा लावून तो आवळला, घोड्याचा आवळतात तसा, शेवटच्या भोकापर्यंत.

तुरदाकुनच्या तोंडून आवाज निघाला नाही. आवाजाला वारा लागतो.

"बघ, शांत झाला," इसाबेक म्हणाला, आणि हात धुवून ताटाशी बसला.

तिथंच बसला. भाऊ हाताच्या अंतरावर माशासारखा तोंड उघडमीट करतोय, आणि हा काळजाचे तुकडे शेपटीच्या चरबीत बुडवून सादिरबायच्या हातात देतोय, सादिरबाय याच्या हातात. खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. एकाच बोकडाला या लोकांनी दुपारभरात इतक्या वेळा कढईत टाकलं, की बोकडालाही कंटाळा आला असता.

बाहेर चुलीपाशी उरुमकानच्या पुढ्यात फुप्फुस आलं होतं. घरात मेंढा पडला की फुप्फुस सुनेकडं. नरड्यासकट अख्खं काढलेलं फुप्फुस पाणी ओतून ओतून पांढरंशुभ्र धुवायचं, मग नरड्यातून लोणी घातलेलं दूध ओतत राहायचं. फुप्फुस पितं. पीत पीत उशीएवढं फुगतं. मग नरडं बांधून शिजवायचं. पाहुण्यांपुढं याच्या मऊ पांढऱ्या चकत्या ठेवण्यात घराची अब्रू असते. एकच अट: फुप्फुसाला सुरी लागता कामा नये. जिथं केसाएवढी चीर पडली, तिथं सगळं संपलं.

कालिचानं नरडं धरलं, उरुमकाननं दूध ओतलं. उजवं अंग फुगायला लागलं. डावं मात्र फुगेना. फुगल्यासारखं व्हायचं आणि चिंधीसारखं खाली बसायचं. परातीत दूध साचत होतं.

"लागली सुरी," सासू म्हणाली. "बोलता बोलता कापतो मेला. याचा बाप मेंढा पाडताना देवाचं नाव घेतल्यावर ओठ मिटायचा, ते काही उगीच नाही."

उरुमकाननं फुप्फुस उलटं केलं. बरगडीकडच्या अंगाला बारीक चीर होती, नखानं ओढल्यासारखी. तिनं नरड्याला तोंड लावून जोरात फुंकलं. उजवं अंग उभं राहिलं. डाव्या अंगातून वारा शीळ घालत बाहेर आला, आणि ते लोंबतच राहिलं.

तिच्या बोटाला ते आठवलं. बरगडीचं सरकलेलं टोक. चुरचुर.

ती ओल्या हातांनीच आत गेली, नवऱ्याच्या मागं बसली आणि कातड्याच्या वर, पाठीला कान लावला. उजवीकडं वारा होता, वादळात दाराच्या फटीतून येतो तसा. डावीकडं काहीच नव्हतं. बंद खोलीला कान लावावा तसं. तिनं त्याचं तोंड आपल्याकडं वळवलं. ओठ निळे पडले होते, मानेच्या शिरा दोरासारख्या उठल्या होत्या, आणि गळ्याच्या खळीतली नळी मधोमध नव्हती. आतून कुणी ढकलावी तशी उजवीकडं सरकली होती.

"मला," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द काही त्याला सापडला नाही.

"फार काही नाही," मागून इसाबेक चोखलेलं हाड खाली ठेवत म्हणाला. "हृदय जागचं हललंय धक्क्यानं. वर कुरणावर हाडं बसवणारा म्हातारा आहे, तो चोळून जागेवर आणील. बाय, तुमच्या जीपनं घाट चढून जाऊ."

उरुमकान बाहेर गेली आणि परत आली ती दोन्ही हातांत फुप्फुस घेऊन. नरड्यातून दूध ठिबकत होतं, गालिच्यावर, रजईवर, सादिरबायच्या ताटाच्या कडेवर.

"हे बघा."

"अगं, आम्ही जेवतोय," सादिरबाय अंग चोरत म्हणाला.

"जेवा की. हे डावं अंग भरत नाही. सुरी लागलीय. त्यांच्याही आत बरगडीचं टोक लागलंय. श्वास घेतात तो फुप्फुसात राहत नाही, बाहेर छातीत साचतोय. आणि तुम्ही वरून तंग आवळलाय."

"मेंढ्याचं आणि माणसाचं एक करतेस?" इसाबेकनं विचारलं.

"मेंढ्याला निदान थोरल्यांनी बिस्मिल्ला म्हणून कापलं."

खोलीत कुणी हसलं नाही. इसाबेकची मान लाल झाली. "आई, हिला बाहेर घे. बापजाद्यांपासून..."

त्याचं वाक्य पुरं होण्याआधी उरुमकाननं ताटाशेजारची त्याचीच सुरी उचलली. तिनं तंगाखाली पातं घातलं आणि ओढलं. जाड विणलेला पट्टा करकरत तुटला. कातडं सुटून खाली पडलं. इतक्यात ते गार, चिकट झालं होतं.

"तो तंग काळ्याचा होता," सादिरबाय म्हणाला. समोर माणूस निळा पडत होता, आणि या थोर पुरुषाच्या तोंडून त्या घटकेला निघालेले शब्द हेच.

मग कालिचा उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, म्हाताऱ्या माणसांना उठायला लागतो तेवढा वेळ घेऊन. "सादिर, किल्ली दे."

"मावशी, नेतो की. घाटावर नेतोच म्हणतोय ना."

"वर नाही. खाली, तालुक्याला."

"गाडीत नवी गादी आहे, मावशी. हे कातड्याचं तेल..."

"उघड्या ढुंगणानं माझ्या अंगणात हिंडायचास, तेव्हा मी कुठं गादी बघून तुला मांडीवर घेतलं होतं? ऊठ."

तो उठला. नव्या गादीवर घोड्याची झूल अंथरल्याशिवाय त्यानं दार काही उघडलं नाही, पण उठला.

नदीच्या कडेनं रस्ता खाली खाली जात होता. मागच्या सीटवर उरुमकाननं नवऱ्याला आपल्या छातीला टेकवून बसवलं होतं. पुढं इसाबेक. प्रत्येक वळणावर सादिरबाय हॉर्न वाजवत होता, जणू वरातच चालली होती. उरुमकान नवऱ्याचे श्वास कानानं धरून ठेवत होती. श्वासाचं येणं-जाणं माणूस कधी बघत नाही. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत कोण करतो. आकाश भरून वारा बाहेर उभा होता, खिडकीतून तिच्या रुमालाशी झोंबत होता, आणि त्यातला घोटभर तिच्या माणसाला आत घेता येत नव्हता. तिनं देवाचं नाव घेतलं. मागणं काही मागितलं नाही. नाव तेवढं एका श्वासाआड घेत राहिली, त्याच्या श्वासाच्या लयीत. आणि ती लय तुटायला लागली तसं तिच्या ओठांवरचं देवाचं नावही तुटायला लागलं.

दवाखान्यातली डॉक्टरीण बुटकी, दमलेली बाई होती. तिनं तुरदाकुनच्या मानेकडं पाहिलं, छातीवर बोटानं टकटक केलं, डावीकडून रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. फोटोबिटो काढायला ती थांबली नाही. गळ्याच्या हाडाखाली तिनं जाड सुई आत घातली.

घोडीच्या आंबवलेल्या दुधानं, कुमिसनं, फुगलेल्या चामडी पिशवीचं तोंड सैल करावं तसा फुस्स आवाज निघाला आणि निघतच राहिला. उरुमकाननं नवऱ्याच्या ओठांकडं पाहिलं. निळ्याचा राखी झाला, राखीचा फिकट. त्यानं डोळे उघडले आणि एक श्वास घेतला. टोचला, तरी घेतला.

नंतर बरगड्यांमधून नळी घातली. तिचं दुसरं टोक पलंगाखालच्या पाण्याच्या बाटलीत बुडवलं. बाटलीतून बुडबुडे यायला लागले.

"याला मेंढ्याचा वास का येतोय?" डॉक्टरणीनं हात धुताना विचारलं.

इसाबेक भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

"घाटावर म्हाताऱ्याकडं नेणार होतो," सादिरबाय बोलून गेला.

डॉक्टरणीनं नळ बंद केला. "वर हवा विरळ. छातीत कोंडलेली हवा चढणीबरोबर आणखी फुगली असती. घाटमाथ्यावरून मुडदा उतरवला असतात." मग ती उरुमकानकडं वळली, कारण ऐकून घेणारं त्या खोलीत तेवढंच एक माणूस होतं. "नळी निघेल, घरी जाईल. पण पुढचं गवत उगवेपर्यंत घोडा नाही, घाट नाही. तीच जागा पुन्हा फाटली आणि दवाखाना लांब असला, तर मी काही करू शकणार नाही."

नवऱ्याला बसतं केल्यावर त्यानं पहिली गोष्ट विचारली ती अशी: "पंचांनी धरला ना माझा बोकड?"

उरुमकाननं त्याच्या तोंडाला चहाचा पेला लावला. "प्या," ती म्हणाली. "बोलू नका."

गवत तिनं स्वतः कापलं, जमलं तेवढं. खाली दवाखान्यात नवरा, वर उतारावर विळा. पुरुषाच्या उंचीचा दांडा तिच्या काखेला घासून कातडं सोलत होता. सासू मागं दाताळं ओढायची, चार पावलं चालायची आणि बसायची. मध्येच पाऊस आला. खालच्या अंगाचं गवत काळं पडलं. इसाबेक एकदा बांधावरून गेला. तो चहाच्या टपरीकडं चालला होता. तिथं त्याला रोज सांगावं लागायचं की मेंढ्याचं ऊन कातडं वेळेवर गुंडाळलं म्हणून भाऊ वाचला. सुई तर डॉक्टरणीनं उगाच टोचली. ऐकणारे माना डोलवायचे. गावाला खरं कळत नाही असं नाही. पण खरं ऐकायला मान खाली घालावी लागते, आणि आमच्या गावच्या माना ताठ.

तुरदाकुन घरी आला. अंगानं अर्धा झाला होता. ओसरीच्या पायऱ्या चढून आला की भिंतीला हात लावून उभा राहायचा. पण लोक भेटायला यायचे, आणि खेळ सांगता सांगता त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक यायची. उरुमकान ती चमक बघायची आणि तिला त्याची कीव यायची, आणि कीव आली याचा संताप यायचा.

मग सादिरबाय आला. सोबत इसाबेक, जीपमध्ये एक जिवंत मेंढा, आणि मखमलीचा भरतकामाचा डगला. डगला त्यानं स्वतःच्या हातानं तुरदाकुनच्या खांद्यावर घातला. खोली माणसांनी भरली होती.

"मोठा खेळ आता जवळ आला," सादिरबाय म्हणाला. "काळा तुझी वाट बघतोय."

"डॉक्टरीण म्हणाली..." तुरदाकुन सुरू झाला.

"डॉक्टरीण कधी घोड्यावर बसलीय?" इसाबेकनं विचारलं. "का आता घरात बायकोनं खोगीर काढून ठेवलंय?"

सगळे हसले. तुरदाकुनही हसला. डगल्याची कॉलर त्यानं हातानं सारखी केली. "बघू," तो म्हणाला. त्याच्या 'बघू'चा अर्थ त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होता.

अंगणात मेंढा पडला. सुरी चालवताना इसाबेक याही वेळी बोलत होताच.

आत चहा झाला, काळीज झालं. सादिरबायनं बोटं चाटून विचारलं, "उरुमकानच्या हातचं फुप्फुस कुठाय? चकत्या येऊ देत."

उरुमकान परात घेऊन आली. परातीत कच्चं फुप्फुस होतं. धुऊन पांढरं केलेलं, दुधाशिवाय, लोळागोळा. ती वरच्या गादीपाशी गेली नाही. थोरल्या दिरापुढं तिनं ते ठेवलं, नरडं त्याच्याकडं करून.

"इसाबेक," ती म्हणाली.

खोलीतल्या पेल्यांचा आवाज थांबला. सासूनं डोळे वर केले, पण अडवलं नाही.

"इसाबेक, फुंक. हे फुगवून दाखव, आणि फुगलेलं राहू दे. राहिलं, तर माझा नवरा ने. खोगीर मी स्वतः आवळून देते."

इसाबेकनं चौफेर पाहिलं. एवढी माणसं, आणि फुंकायचं काय तर मेंढ्याचं फुप्फुस. नाही म्हणावं तर तेही लाजिरवाणं. "त्यात काय," तो म्हणाला. त्यानं नरडं तोंडाला लावलं आणि गाल फुगवले. उजवं अंग फुललं. त्यानं आणखी जोर केला, मानेच्या शिरा उठल्या, तोंड लाल झालं. डाव्या अंगाच्या चिरेतून वारा फर्रकन सुटला, भर पंगतीत सुटू नये तसा. एक म्हातारा खोकल्याआड हसला. इसाबेकनं पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. नरडं सोडलं तेव्हा सगळंच फुप्फुस परातीत बसलं, ओल्या चिंधीसारखं.

तुरदाकुन परातीकडं पाहत होता. त्याचा हात आपोआप डाव्या बरगडीवर गेला, जिथं नळीची खूण होती, आणि तिथंच राहिला. त्यानं एक श्वास घेतला. सावकाश, शेवटपर्यंत, तो आत राहतोय की नाही हे पाहत.

मग त्यानं खांद्यावरचा डगला उतरवला, नीट घडी केली आणि सादिरबायच्या जोड्यांशेजारी नेऊन ठेवला.

"दादा," तो म्हणाला, "वरच्या अंगाचं गवत अजून उभं आहे. मला विळा धरता येत नाही. उद्या येशील?"

इसाबेक ओठ पुसत होता. ओठांना कच्च्या फुप्फुसाची चव लागली होती.

"पातं मी घासून ठेवलंय," उरुमकान म्हणाली, आणि परात उचलून कुत्र्याकडं गेली.